वैनीचा गुडघा

मार्गशीर्ष लागला की आमच्या गावात कोयत्यांना धार लागते. भात कापून झोडून झालेलं असतं, मळ्यात कुळीथ-चवळी टाकायची असते आणि मोकाट सुटलेल्या गुरांना नेमकी तीच हवी असते. म्हणून वई घालायची. वई म्हणजे काटेरी कुंपण. कातळावरच्या करवंदीच्या जाळ्या तोडायच्या, फांद्या ओढत खाली आणायच्या आणि दुबेळक्या, म्हणजे टोकाला दोन फाटे असलेल्या, काठीने एकीवर एक रेटत मळ्याभोवती रचायच्या. आता बहुतेकांनी तारा ओढल्यात, ज्यांची मुलं मुंबईत बरी मिळवतात त्यांनी चिऱ्याचे गडगे घातलेत. पण आमच्या सुनेला तिच्या भाजीच्या वाफ्यांना करवंदीच लागते. तारेतून कोंबड्या आत शिरतात म्हणते. सकाळी दहिंवर पडलेलं असताना त्या ताज्या तोडलेल्या फांद्यांच्या चिकाचा वास ओटीपर्यंत येतो आणि माझ्या हातातला चहा निवून जातो.

परवा तिच्या टाचेत काटा गेला. उभ्या उभ्याच भिंतीला हात टेकून तिने तो नखांनी उपटला आणि परड्यात भिरकावला.

"टोक बघितलंस?" मी विचारलं.

"कसला टोक?"

"काट्याचा. आत मोडून रवला नाय मां?"

"आई, काटो तो. साप न्हय," असं म्हणून ती हसली आणि कामाला लागली. तिचंही बरोबर आहे. तिच्या जागी मी असते तर मीही हसले असते.

हे दिवस आले की लोकांना काय काय आठवतं. कोणाला जत्रेतलं खाजं आठवतं, कोणाला पहाटेची शेकोटी, कोणाला नव्या तांदळाची पेज. मला हेवा आठवतो. आठवतो म्हणजे काय, नव्याने वाटायला लागतो. ज्या बाईचा हेवा वाटायचा ती जाऊन कितीतरी वर्षं झाली. तिचा तो डावा गुडघाही तिच्याबरोबरच जळला. तरी करवंदीच्या चिकाचा वास नाकात गेला की माझ्या पोटात तेच जुनं दुखायला लागतं. म्हातारपणी माणूस निवळतं म्हणतात. मी काही निवळले नाही.

मी या घरात लग्न होऊन आले ते महाराष्ट्र राज्य व्हायच्या थोडं आधी. जिल्हा तेव्हा रत्नागिरी, बाजार देवगडचा, आणि आमचा गाव खाडीच्या आतल्या अंगाला. घरात माणसं मोजकीच. माझे थोरले दीर, त्यांना सगळा गाव दादा म्हणायचा. त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली जाऊ, ती वैनी. आणि मी, मंदा. माझे यजमान मुंबईला गोदीत कारकून होते. ते मे महिन्यात यायचे, गणपतीला यायचे, आणि एखाद्या वर्षी गणपती चुकायचाही.

सासूबाई गेल्या तेव्हा हे अगदी लहान होते. वैनी तेव्हा नुकती लग्न होऊन आलेली, स्वतःच परकरी पोर. तिने ह्यांना कडेवर घेतलं, न्हाऊमाखू घातलं, पेज भरवली, शाळेच्या वाटेवर व्हाळ भरला की खांद्यावर बसवून पलीकडे नेलं. पुढे तिला स्वतःचं मूल काही झालं नाही. तिने वाढवलेला मुलगा म्हणजे माझा नवरा. सासू असती आणि मी तिचा हेवा केला असता, तर जगाने ते समजून घेतलं असतं. जावेचा हेवा करणारी बाई मात्र लगेच वाईट ठरते. आणि वैनीचा राग येईल असं वैनी कधी वागायची नाही, ही आणखी एक पंचाईत.

ती उंच होती, हाडापेराने दणकट. करवंदीच्या फांद्यांची मोळी डोक्यावर घेऊन कातळावरून उतरायची तेव्हा मागून फक्त काट्यांचं एक झुडूप चालत येतंय असं दिसायचं. ही गोष्ट घडली त्या वर्षी वईच्या फांद्या आम्ही खळ्यातूनच, म्हणजे घरापुढच्या अंगणातूनच, ओढत नेल्या, कारण मळ्यात जायला दुसरी वाटच नव्हती. त्यामुळे खळ्यात काटे सांडले होते. दुसऱ्या दिवशी वैनी खळं सारवायला बसली. एक गुडघा टेकून सारवायची तिची सवय. शेणाचा हात फिरवत फिरवत ती मागे सरकली आणि "आये गे!" करून तिथेच बसली. करवंदीचा काटा, गुडघ्याच्या वाटीच्या बाजूने सरळ आत गेलेला.

"मंदे, दगड आण गो!" ती ओरडली आणि मी दगड घेऊन येईपर्यंत तिने काटा उपटलाही होता.

दगड कशाला, ते सांगायला हवं. आमच्या घरची रीत अशी, की अंगातून काढलेला काटा खाली टाकायचा नाही. पायरीवर ठेवून लगेच दगडाने ठेचायचा. काटा ठेचला की त्याचं विख मरतं आणि जखम चढत नाही, असं दादांच्या आजीपासून चालत आलेलं. वैनीने काटा पायरीवर ठेवला आणि इतका ठेचला की त्याचं पीठ झालं. टोक शाबूत होतं की आत राहिलं, हे बघायला काही उरलंच नाही. मग तिने जखमेवर हळद दाबली आणि उरलेलं खळं सारवून टाकलं.

पुढे काही दिवस काहीच झालं नाही. जखम बुजली, खपली पडली, काटा आम्ही विसरून गेलो. मग एका सकाळी वैनी चुलीपुढून उठेना.

"काय झाला गो?"

"गुडघो वाकणा नाय," ती म्हणाली आणि लुगडं वर करून तिने दाखवलं. गुडघा शहाळ्यासारखा टरटरला होता आणि हात लावला तर तापलेला.

कोणी म्हणालं वात. वैद्याने आमवात ठरवला, दही बंद केलं, एरंडेल पाजलं. आणि दादा, जे एरवी बायकोशी भिंतीशी बोलल्यासारखे बोलायचे, ते दादा दिवसाउजेडी ओटीवर बसून रुईची पानं निखाऱ्यावर शेकायला लागले. पानाला तेल लावायचं, शेकायचं, आपल्या हाताच्या पाठीवर लावून बघायचं, मग वैनीच्या गुडघ्यावर ठेवून फडक्याने बांधायचं.

"भाजता?"

"नाय."

"भाजला तर सांग हां."

मी तेव्हा विहिरीवरून कळशी घेऊन येत होते. "भाजला तर सांग." एवढंच ऐकलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पाणी, गुरं, भात उकडणं, दळण, मळा, सगळं माझ्या अंगावर येऊन पडलं होतं, पण राग त्याचा नव्हता. काम काय, बाईला कुठे चुकतंय. मला तो सुजलेला गुडघा हवा होता, आणि त्याच्यावर फडकं बांधताना खाली वाकलेलं ते पुरुषाचं डोकं हवं होतं. वैनीने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले, बघ म्हाताऱ्याला कसं कामाला लावलंय अशा अर्थाने. मी कळशी जरा आपटूनच ठेवली.

त्याच वर्षी श्रावणात माझं पहिलं मूल गेलं होतं. मुलगा. सकाळी झाला आणि संध्याकाळपर्यंतही राहिला नाही. बाहेर पाऊस असा की पागोळ्यांपलीकडचं काही दिसत नव्हतं. त्यातून दादा इरलं घेऊन देवगडला गेले आणि मुंबईला तार करून आले. हे आले नाहीत. पत्र आलं, 'प्रकृतीस जपणे.' पावसाळ्यात आगबोटी बंद असतात, त्याला ते तरी काय करणार, असं सगळे म्हणाले, मीही म्हटलं. गणपतीलाही त्या वर्षी त्यांना रजा मिळाली नाही.

तेव्हा माझं सगळं वैनीने केलं. दूध आटावं म्हणून पाला वाटून लावला, डोक्यावरून पाणी घातलं, मी भिंतीकडे तोंड करून पडले की तीही बाजूला आडवी व्हायची आणि काही बोलायची नाही. हे मी विसरलेले नाही. पण एखाद्या माणसाचे उपकार असले म्हणून त्याचा हेवा वाटत नाही असं कोणी सांगितलं? उलट जास्तच वाटतो, कारण भांडायची सोय राहत नाही.

हेवा काट्यासारखा असतो वगैरे मी म्हणणार नाही. काटा निदान निघतो.

पडून राहिल्यावर वैनीचा गुडघा उतरला. सगळ्यांना बरं वाटलं, दादांनी देवीला नारळ दिला. वैनी उठून कामाला लागली, दोन खेपा पाणी आणलं आणि गुडघा पुन्हा फुगला. असं एकदा नाही, पुन्हा पुन्हा झालं. विश्रांती घेतली की ओसरायचा, चालली की भरायचा. मग गावात कुजबूज सुरू झाली, की दादांनी वईसाठी देवाच्या राईच्या कडेची जाळी तोडली, म्हणून राखणदार कोपला. दादा बिचारे गुरवाला घेऊन राईत गेले, गाऱ्हाणं घातलं, चूक पदरात घे म्हणून सांगितलं. राखणदार पावला असेल तर त्याने आम्हाला कळू दिलं नाही.

बघायला बायका येत. कोणी कोंबडीची अंडी आणे, कोणी कुळथाचं कढण. वैनी ओटीवर पाय पसरून बसायची आणि गजाली मारायची, आणि येणाऱ्या प्रत्येकीला चहा मी करायची. "वैनी कशी आसा?" असं मला विचारून बायका पुढे जात. मंदा कशी आहे असं विचारायला माझं काही सुजलेलं नव्हतं.

देवगडच्या डॉक्टरांनी जाड सुईने गुडघ्यातलं पाणी काढलं. पिवळट, गढूळ. पेनिसिलिनची इंजेक्शनं दिली. काही दिवस उतार पडला आणि पुन्हा तेच. तोवर वैनीची मांडी वाळत चालली होती आणि पाय अर्धवट वाकलेला तसाच राहायला लागला होता. डॉक्टरांनी दादांना बाजूला घेऊन सांगितलं, की असंच चाललं तर सांधा धरेल आणि पाय कायमचा आखडून जाईल. कोल्हापूरला न्या, मोठ्या दवाखान्यात.

ते ऐकल्यावर मात्र गजाली थांबल्या. आमच्या घरात चूल भुईवर, जातं भुईवर, उखळ भुईवर, आणि लावणी तर गुडघाभर चिखलात. ज्या बाईला भुईवर बसता येत नाही तिने करायचं काय? काट्याचा नायटा झाला म्हणतात तो हा, फक्त तेव्हा त्यातला काटा कोणाला माहीत नव्हता.

"माका आता कोनाड्यात ठेवतले गो, देवासारख्या," वैनी मला म्हणाली. "सकाळी एक फूल घाल माज्यार, म्हणजे झाला."

ती हसत होती, पण हात गुडघ्यावरून काढत नव्हती. मला तिची दया आली, खरंच आली. आणि दुसऱ्याच दिवशी दादांनी मुंबईला तार केली, तेव्हा ती दया गेली.

कारण हे आले. पहिल्या बोटीने आले. देवगडच्या बंदरात उतरून, होडीने खाडी चढून, संध्याकाळ व्हायच्या आत खळ्यात हजर. हातात वळकटी, अंगावर गोदीतला कोट. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते. माझ्या बाजूने ते आत गेले आणि वैनीच्या पायाशी बसले. दोन्ही हातांनी तिचा गुडघा धरला, जसा काही तो निसटून चाललाय.

"रे, कितको वाळलंस!" वैनी म्हणाली. तिच्या पायाचं मरण आणि तिला ह्यांच्या गालफडांची काळजी.

ते रडायला लागले. हुंदके देऊन. एवढा मोठा बाप्या, मुंबईत साहेबापुढे इंग्रजी बोलणारा. मी ह्यांना रडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. आमच्या मुलासाठी रडले असतील तर ते मुंबईत, कुठल्या तरी चाळीच्या गॅलरीत, माझ्यापासून इतक्या लांब की मला त्याचा काही उपयोग नव्हता.

बऱ्याच वेळाने त्यांनी तांब्या घेतला. "बरी आसस मां?"

"आसंय," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघा भावांनी खुर्चीला दोन बांबू बांधले, वैनीला त्यात बसवली आणि खांद्यावर घेऊन एस्टीच्या रस्त्यापर्यंत नेली. तिथून तळेरे, तळेऱ्याहून घाट चढून कोल्हापूर. मी पाणंदीच्या तोंडाशी उभी राहून बघत होते. पुढे दादा, मागे हे, आणि वर वैनी, एक हात ह्यांच्या डोक्यावर ठेवून तोल सावरत. घाटीच्या उतारावर ह्यांचा पाय घसरला तेव्हा तिने वरून त्यांना शिवी दिली, आणि ते हसले. मी कोल्हापूर तोवर पाहिलं नव्हतं. अजूनही पाहिलेलं नाही.

गुरं होती म्हणून मी मागे राहिले. वैनी पडल्यापासून वई अर्धीच राहिली होती, उरलेली मी एकटीने घातली. सकाळी कातळावर जायचं, जाळी तोडायची, फांदीला दोरी बांधून ओढत आणायची. करवंदीचे काटे जोडीने येतात. एक चुकवावा तर दुसरा लागतो. हात ओरबाडून निघाले, तळपायांची चाळण झाली. एकदा कुंपण रेटताना माझ्याही गुडघ्याला काटा लागला, जवळजवळ वैनीला लागला होता तिथेच. मी तो काढला, ठेचला, आणि खरं सांगते, दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या गुडघा चाचपून बघितला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही बघितला. मेला छान वाकत होता.

त्या दिवसांत घर इतकं मोकळं होतं की म्हशीशी बोलायची वेळ आली. ओटीवर वैनीची वाकळ घडी करून ठेवलेली, रुईची पानं कोपऱ्यात वाळून कुरकुरीत झालेली. मी कधी वैनी बरी होऊ दे म्हणायची. कधी नुसतं, त्यांना परत येऊ दे म्हणायची. त्यांना म्हणजे कोणाला, ते देवाला माहीत होतं.

मग कार्ड आलं, ऑपरेशन झालं, पाय वाचला, अमक्या वारी येतो. त्या दिवशी मी खाडीवरून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, आणवल्या, ह्यांना आवडतात म्हणून. डोक्याला तेल लावून वेणी घातली, धुवट लुगडं नेसले आणि उन्हातून एस्टीच्या रस्त्यावर जाऊन उभी राहिले. गाडी आली. दादा उतरले. मग दादांच्या हाताला धरून, बगलेत काठी घेऊन वैनी उतरली. मग कंडक्टरने घंटा मारली आणि गाडी धुरळा उडवत निघून गेली.

मी गाडीकडेच बघत होते. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून नुसतं विचारलं, "आणि?"

"तो थंयसूनच गेलो गो," वैनी म्हणाली. "रजा संपली तेची. कोल्हापुरासून आगगाडीन गेलो."

तिसऱ्यांची आमटी दादांनी आणि वैनीने खाल्ली. फार चांगली झालीय म्हणाले.

पुढचा सगळा आठवडा वैनीने कोल्हापूर सांगितलं. ओटी भरून बायका. तिथल्या डॉक्टरांनी आधी गुडघ्याचा फोटो काढला, त्यात काहीच दिसेना. मग त्यांनी विचारलं, शेतात काम करता का, कुंपण कशाचं असतं, गुडघ्याला कधी काटा लागला होता का? दादा नाही म्हणणार, तेवढ्यात वैनीला खळं आठवलं. फोटोत हाड दिसतं, लोखंड दिसतं, काटा दिसत नाही, असं डॉक्टर म्हणाले. काढलात तो काटा पुरा निघाला होता का? तेव्हा दादांनी कचेरीत बोलतात तसं शुद्ध बोलून सांगितलं, "साहेब, आम्ही तो ठेचला." डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला म्हणे. मग गुडघा उघडला. आतलं अस्तर सुजून लालभडक झालेलं, आणि त्यात रुतून बसलेलं जिऱ्याएवढं काळं टोक. वरची कातडी मिळून आली होती, तरी आत ते टोक इतके दिवस सांध्याला छळत होतं. आतली सूज खरवडून काढली आणि टोक एका छोट्या बाटलीत घालून वैनीच्या हातात दिलं, यापुढे काटा काढला की आधी त्याचं टोक बघा म्हणून बजावून.

ती बाटली सगळ्या बायकांच्या हातातून फिरली. माझ्याही हातात आली. एवढंसं ते. त्याच्यासाठी बोट आली, एस्टी झाली, आगगाडी झाली. मग दादांनी बाटली उघडून टोक पायरीवर काढलं आणि सगळ्यांच्या देखत दगडाने रीतसर ठेचलं. डॉक्टरने सांगितलेलं सगळं घाटाच्या पलीकडेच राहिलं.

गुडघा बरा झाला तरी वाकायला तयार नव्हता. रोज तेल लावून, गरम पाण्याने शेकून तो थोडा थोडा वाकवायचा होता, आणि ते माझ्याकडे आलं. टाके होते तिथे लांब गुलाबी वण होता. मी वैनीची टाच धरायची आणि पाय मागे रेटायची.

"मंदे, हळू गो!"

"दाबूक होया. डॉक्टरान सांगल्यान."

"डॉक्टरान सांगल्यान तितक्याच दाब. वरचा तुजा आसा, ता माका समाजता."

मी हात काढून घेतले. वैनी भुईकडे बघत म्हणाली, "रागान आसस माज्यार?"

"होय," मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं.

तिने मान हलवली, वाईट वाटून घेतलं नाही, समजूतही घातली नाही. पाय पुन्हा माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "दाब." फाल्गुनापर्यंत ती चुलीपुढे बसायला लागली. पुरी मांडी कधीच पडली नाही, पण भुई तिला परत मिळाली. मला त्याचा आनंद झाला. आणि मी रेटलेल्या पायाने ती काठी टेकत माझ्या आधी विहिरीवर पोचायला लागली, तेव्हा तो आनंद थोडा कमी झाला.

वैशाखात हे आले. कातळावर त्याच जाळ्यांत करवंदं काळी झाली होती, घरात आंब्याच्या पेट्यांची घाई होती, सगळीकडे पेंढा. आल्या आल्या त्यांनी वैनीला चालवून बघितलं, बसवून बघितलं, उठवून बघितलं. माझ्यासाठी पातळ आणलं होतं, चांगलं होतं. मी ते ठेवून दिलं.

एका दुपारी दादा आंब्याच्या कलमांत गेले होते. वैनी माजघरात लवंडली होती. हे खळ्यात मांडवाखाली बसून पेट्यांना दोरी बांधत होते आणि मी त्यांना कोकमाचं सरबत नेऊन दिलं. भांडं घेऊन परत फिरायचं, ही माझी नेहमीची रीत. त्या दिवशी फिरले नाही.

"एक इचारू?"

"इचार."

"वैनीची तार पोचली तशे धावत इलास. श्रावणातली तार पोचाक नव्हती?"

त्यांचा हात दोरीवर थांबला. "पोचली होती."

"मगे?"

"पावसात बोट बंद होती गो."

"एस्टी होती."

त्यांनी पेंढ्याच्या काड्या मोडल्या. मग खाली बघतच म्हणाले, "वैनीच्या गुडघ्याक करूक कायतरी होता. डॉक्टर होतो, दवाखानो होतो. झील तर गेल्लोच होतो. मी येवन काय केलं असतंय?"

"करूचा कायच नव्हता," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि मी तो उतरवला नाही. "माज्या बाजूक बसाचा होता. नुसता बसाचा."

त्यांनी पुढ्यातली पेटी सरकवली, कडेचा पेंढा हाताने बाजूला केला आणि तिथली भुई थोपटली. "बस."

"हंय? लोक बघतले."

"बघांदेत."

आमच्याकडे नवरा-बायको दिवसाउजेडी खळ्यात शेजारी बसत नसत. बसायची जागाच तशी नव्हती आणि वेळही. मी पदर सावरून बसले. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागला आणि त्यांनी तो काढून घेतला नाही. पाणंदीतून कोणी आंबेवाला गेला, खाकरला, हे हलले नाहीत. मुलाचं नाव ठेवलेलं नव्हतं, त्यामुळे त्याच्याबद्दल बोलायलाही काही नव्हतं. त्यांचे डोळे गळत होते आणि ते पुसत नव्हते. माझेही मी पुसले नाहीत. दोरी तशीच पडून राहिली, सरबतावर मुंग्या आल्या.

मग मागे काठीचा आवाज झाला. मी मान वळवली. वैनी दाराच्या चौकटीला धरून उभी होती, झोपेतून उठून आलेली, केस विस्कटलेले. ती आमच्याकडे बघत होती. मी उठले नाही, सरकले नाही. ती नीट बघते आहे ना, एवढं मात्र मी बघून घेतलं.